गच्चीवरचा लाल उजेड

आमच्या चाळीत तळमजल्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या शेठनी पोलिसांना खबर दिली आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरची चार मुलं तुरुंगात गेली, असं आमच्याकडे गेली साठ वर्षं सांगतात. ते खोटं आहे. खबर कुणीच दिली नव्हती. पोलीस आले ते गच्चीवर लुकलुकणारा लाल उजेड पाहून, आणि तो उजेड माझा होता.

एवढं लिहून थांबता आलं असतं. पण कर्फ्यू लागलेला असताना, संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यात माणसं मरत असताना, मी लाल उजेड घेऊन गच्चीवर काय करत होतो हे सांगितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसणार नाही. मी दुर्बिणीतून तेजोमेघ शोधत होतो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. वडील लवकर गेलेले. फणसवाडीतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आई आणि मी एका खोलीत राहत होतो. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो, पण नोकरी अजून कायम झाली नव्हती. एका जुन्या इंग्रजी मासिकात दुर्बिणीचा आरसा घरी कसा घासावा यावर लेख वाचला आणि त्या नादाला लागलो. दोन जाड गोल काचा घ्यायच्या, एक पिंपावर पक्की बसवायची, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालून दुसरी तिच्यावर घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचं. आमच्या मजल्यावरच्या गॅलरीच्या टोकाला रॉकेलचं रिकामं पिंप होतं. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी त्याच्याभोवती फेऱ्या मारत असे.

"काय रे, प्रदक्षिणा कुठल्या देवाला?" येणारी-जाणारी बायामाणसं विचारत.

"काचेश्वराला," दुसरं कुणीतरी माझ्या वतीने उत्तर देई.

काच शेवटी झिलईला आली की तिच्याखाली राळेचा थर लागतो. ती आणायला मी खाली शेठच्या दुकानात गेलो. शेठ पन्नाशीचे असतील. आई-बाप काठेवाडातून आलेले, पण हे स्वतः गिरगावातच जन्मलेले. दुकानामागच्या खोलीत नवरा-बायको दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं.

"एवढी राळ? घरात भूत शिरलं काय?" त्यांनी विचारलं.

मी आरशाचं सांगितलं. ते तागडी हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बनला की पहिला मला दाखवायचा. राळ माझी हाय ने."

काचेवर खोताच्या वाडीतल्या एका आरसेवाल्याकडून मुलामा चढवला, पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून माणसाच्या छातीइतकी उंच नळी करून घेतली, तिला आतून काळा रंग दिला आणि शेठच्याच दुकानातल्या चहाच्या खोक्यावर ती टेकवली. चाळीने तिचं नाव तोफ ठेवलं. पहिल्या रात्री शेठ खरोखरच सगळ्यांच्या आधी गच्चीवर हजर होते. चंद्रावरचे खड्डे पाहून म्हणाले, "अरे, ही तर आपली गल्ली!"

चंद्र दाखवला की चाळ खूश व्हायची. मला मात्र दुसरंच हवं होतं. आकाशात काही ठिकाणी ताऱ्यांच्या मध्ये धुरकट डाग असतात. काही म्हणजे वायूचे ढग, काही दाट ताऱ्यांचे पुंजके, काही आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दुसऱ्या दीर्घिका. ते सापडणं कठीण. ओळखीच्या ताऱ्यापासून निघायचं, नकाशात बघून शेजारच्या ताऱ्यावर जायचं, तिथून पुढच्या, आणि ठरलेल्या जागी पोचलो की सरळ न बघता नजर जराशी बाजूला ठेवायची. सरळ बघितलं तर डाग नाहीसा होतो. गिरगावच्या आकाशात मला त्यातलं जवळजवळ काहीच सापडत नव्हतं. खाली रस्त्यावरचे दिवे आणि वर लालबाग-परळच्या चिमण्यांचा धूर. सगळं आकाश राखाडी, आणि मोठे तारे तेवढे त्यातून वर आलेले.

आणखी एक अडचण होती. नकाशा बघायला बॅटरी लावली की डोळे दिपत आणि पुन्हा अंधाराला सरावायला बराच वेळ जाई. लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत असं त्या लेखात होतं. संक्रांतीच्या आधी शेठच्या दुकानात पतंग येत. मी लाल ताव मागितला. त्यांनी पतंगाचा कागद दुहेरी करून स्वतःच्या हाताने माझ्या बॅटरीच्या तोंडावर बसवला आणि दोऱ्याने आवळून दिला. दोरा पतंगाचाच होता.

संक्रांत झाली आणि एक-दोन दिवसांतच मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, मी फक्त आमच्या गॅलरीतून काय कळलं ते सांगतो. आधी घोषणा ऐकू आल्या. मग धावणाऱ्या पावलांचा आवाज. मग एक कोरडा आवाज, जाड फळी मोडावी तसा. पाठोपाठ आणखी. आई स्वयंपाकाच्या ओट्याजवळून म्हणाली, "अजून फटाके कोण उडवतंय?" समोरच्या चाळीतल्या एका माणसाने ओरडून सांगितलं, "खिडक्या लावा! गोळी आहे, गोळी!" आईने हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि मला मनगटाला धरून खाली बसवलं. तिच्या पिठाचे ठसे माझ्या मनगटावर बराच वेळ होते. मी ते झाडले नाहीत.

त्यानंतर कर्फ्यू लागला. पोलिसांची गाडी भोंग्यावरून पुकारत फिरे की गच्च्यांवरून दगड आणि बाटल्या पडत आहेत, गच्चीवर कुणी दिसलं तर गोळी घातली जाईल. शेजारच्या गल्लीत खिडकीतून डोकावणारा एक माणूस मेला असं कुणीतरी सांगितलं. खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. जिन्यावर कुणाच्या पायातली चप्पल वाजली तरी दारांच्या कड्या लागत. गुजराती दुकानांवर दगड पडत होते. शेठनी दुकानाच्या फळ्या आतून खिळे मारून बंद केल्या होत्या. दिवसा चाळीतल्या बायका मागच्या दाराने जाऊन तांदूळ आणत, शेठही देत. पण त्यांच्याशी बोलताना आवाज खाली जायचे.

माझ्या तोंडून हे बाहेर पडायला इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण पुढे लिहितो ते आहे. त्या दिवसांत रस्त्यावरचे दिवे फोडले गेले होते. गिरण्या बंद होत्या. धूर नव्हता. बाजूच्या चाळींनी भीतीने दिवे मालवले होते. एका संध्याकाळी मी गॅलरीतून वर पाहिलं, तर दोन चाळींच्या मधल्या पट्टीत मला कधी न दिसलेले तारे दिसले. खाली माणसं मरत होती, आणि मला आनंद झाला.

आईला खोटं सांगून मी वर गेलो. म्हटलं, टाकीचा नळ टपकतोय, बघून येतो. गच्चीचं दार उघडताना कडी वाजली तसा मी किती तरी वेळ जागचा हललो नाही. मग कठड्याच्या खाली राहून रांगत गेलो, नळी उभी केली आणि पश्चिमेला उतरलेल्या देवयानी तारकासमूहाकडे वळवली. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा एक लांबट, पुसट डाग नजरेच्या कोपऱ्यात आला. दुसरी दीर्घिका. तिचा प्रकाश निघाला तेव्हा माणूसच नव्हता असं मी वाचलं होतं. मला त्या क्षणी आश्चर्य वाटलं नाही, भीती वाटली. पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटलं. खाली रस्त्यावर पोलिसांचे बूट वाजत होते, आणि मी त्या डागावरून डोळा काढू शकत नव्हतो.

दुसऱ्या रात्री पुन्हा गेलो. तिसऱ्या रात्री चंद्राची कोर चौपाटीच्या बाजूला उतरल्यावर पुन्हा. त्या रात्री मी नळी फिरवत असताना गच्चीचं दार हळूच उघडलं. मी नळीमागे वाकलो.

"मी हाय, मी," शेठ कुजबुजले. "खाली कुणीतरी फळ्यांवर लाथा मारून गेला. बायकोला तुझ्या आईकडे बसवलं. मी म्हटलं, वर बरं."

"वर गोळी घालतात, शेठ."

"खाली पण घालतील. इथे निदान हवा हाय."

ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. अंगाला घाम सुटलेला, थंडीचे दिवस असून. त्यांना काहीतरी द्यावं म्हणून मी नळी मृगाकडे वळवली. मृगाच्या पट्ट्याखाली तीन बारीक ताऱ्यांची ओळ लोंबते, तिच्यातला मधला तारा तारा नाहीच. तो तेजोमेघ आहे. शेठनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"धुपाचा धूर दिसतो," ते म्हणाले. "आणि आत बारीक चार दिवे."

"ते तारे आहेत. त्या ढगातच जन्मलेले."

"अजून जन्मतात?"

"अजून."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. त्या वेळी आम्ही दोघंही खालचं विसरलो होतो. ते विसरणंच भोवलं. मला आता व्याधाच्या खालचा तारकागुच्छ हवा होता, तो मी कधीच पाहिला नव्हता. एक हात नळीवर, एक नकाशावर, बॅटरी धरायला हात नव्हता. मी ती शेठच्या हातात दिली.

"मी सांगीन तेव्हा दाबा, सांगीन तेव्हा सोडा."

ते दाबत, मी नकाशा बघे. ते सोडत, मी नळीत बघे. "दाबा, शेठ. सोडा. दाबा. अजून जरा वर धरा. सोडा." किती वेळा झालं आठवत नाही. नकाशा मी कठड्याला टेकवून उभा केला होता, म्हणून उजेड कठड्यावरून रस्त्याकडे जात होता. रस्त्यावरून तो कसा दिसत असेल हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. रस्त्याला डोळे आहेत हेच मी विसरलो होतो.

खाली शिट्टी वाजली. मग दुसरी, चाळीच्या अगदी पायाशी. मग लाकडी जिन्यावर बूट. बरेच बूट.

मी दाराकडे धावलो असतो तर समोरच सापडलो असतो. शेठनी माझी मान धरली आणि मला टाकीकडे ढकललं. "तोफ घे. आत जा." मी नळी आडवी करून टाकी आणि भिंत यांच्या फटीत घुसलो. ते बॅटरी हातात घेऊन तिथेच उभे राहिले. त्यांनी ती फेकून का दिली नाही हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. आता वाटतं, फेकली असती तर पोलिसांनी ती शोधत सगळी गच्ची पालथी घातली असती.

दार धाडकन उघडलं. "हात वर! कोण आहे रे?"

"साहेब, मी. खालचा दुकानवाला."

"काय इशारे देतोस? कुणाला?"

"इशारे नाय, साहेब. तुक्कल. आमचं उत्तरायण ने. पतंगाच्या दोरीला रात्री कंदील बांधतात, त्याला तुक्कल म्हणतात, आमच्याकडे रिवाज हाय."

"संक्रांत कधी झाली?"

"त्या दिवशी हवा नव्हती, साहेब."

कुणीतरी शिपाई हसला. मग थप्पड वाजली. "पतंग कुठाय?"

"तुटला."

"आणि हा खोका?"

"बसायला, साहेब. गुडघे दुखतात."

एका शिपायाने मोठी बॅटरी फिरवायला सुरुवात केली. तिचा झोत पाण्याच्या पिंपावरून, वाळत घातलेल्या चादरीवरून सरकत टाकीकडे आला. आणि मला एकदम कळलं की नळीचं उघडं तोंड त्याच्याच बाजूला आहे. तळाशी माझा आरसा. झोत आत गेला असता तर तो तसाच्या तसा त्यांच्या तोंडावर परत आला असता. मी पोट नळीच्या तोंडावर टेकवलं आणि पत्र्याची धार पोटात रुतेपर्यंत दाबलं. टाकीचा नळ खरोखरच टपकत होता, माझ्या मानेवर. झोत माझ्या गुडघ्यापाशी थांबला असं मला वाटलं. तो पुढे गेला. लघवी झाली होती हे मला ते खाली उतरल्यावर कळलं.

त्या वेळी मी पुढे झालो असतो तर काय झालं असतं? चार थपडा, एक रात्र चौकीत, कदाचित नोकरी गेली असती. दुर्बीण हातातच होती, तिनेच साक्ष दिली असती. पण मला वाटत होतं की अंधारातून कुणी हललं तर ते आधी गोळी घालतील. ते खरंही असेल. त्या रात्रीबद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही. नंतरच्या दिवसांबद्दल लावतो.

शेठना घेऊन उतरताना पोलिसांनी वरच्या मजल्याची गॅलरी तपासली. तिथे चार मुलं झोपली होती, कॉलेजात जाणारी, आणि खाटेखाली सोड्याच्या बाटल्यांचा ढीग होता. तो उद्यासाठी ठेवलेला होता हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. एका मुलाची आई शिपायाच्या पट्ट्याला लोंबकळली. "माझा नाही हो! माझा नाही त्यात!" ती ओरडत होती. हा आवाज मी टाकीमागे बसून ऐकला. तिला त्यांनी जिन्याच्या तोंडाशी ढकलून दिलं. नळीवर पोट दाबून बसलेलो असताना माझ्या मनात एकच आलं, आता हिला कळलं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी चाळीच्या दाराशी थांबली आणि तिच्यातून शेठ एकटेच उतरले. कर्फ्यू होता, चालत येता येत नव्हतं, म्हणून गाडीने सोडलं असणार. त्यांच्या जातीचा माणूस गच्चीवरून दगड मारणार नाही हे अधिकाऱ्यालाही कळत होतं. पण सगळी चाळ गॅलऱ्यांतून बघत होती. चार मुलं आत आणि शेठ सरकारी गाडीतून घरी. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

बायकांनी त्यांच्याकडून तांदूळ घेणं बंद केलं. फळ्यांवर कोळशाने "खबऱ्या" असं लिहिलं गेलं. शेठनी ते पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं होतं. कर्फ्यू जरा सैल झाल्यावर खालच्या चौकात बैठक बसली. शेठना बोलावलं. मी दुसऱ्या मजल्यावरून खाली आलो, न येणं दिसलं असतं म्हणून, आणि खांबापाशी उभा राहिलो.

"पोरांची नावं कुणी दिली?" एकाने विचारलं.

"मी नाय दिली. कोणाचं नाव नाय दिलं."

"मग तुला एकट्याला का सोडलं? जावई आहेस त्यांचा?"

"मी पतंग उडवत होतो म्हणून सांगितलं."

चौकात हशा झाला. "कर्फ्यूत पतंग! ऐका!" कुणीतरी म्हणालं, "अहो, ह्या वयात? मांजा सुताचा की खबरेचा?" पुन्हा हशा. हसणाऱ्यांत वाईट माणसं नव्हती. त्यांची मुलं आत होती, त्यांना मारत असतील या भीतीने त्यांना झोप नव्हती, आणि कुणीतरी दोषी हवा होता.

शेठ थांबले. चौकात शांतता झाली. ते कुणाकडेच बघत नव्हते, पायांकडे बघत होते. ती शांतता मला फार लांब वाटली. ज्या आईला पोलिसांनी ढकललं होतं ती समोर पायरीवर बसली होती, हाताला पट्टी. मी तोंड उघडलं असतं तर ती माझ्याकडे वळली असती. मी तोंड उघडलं नाही. शेठ म्हणाले, "माझं दुसरं काय सांगायचं नाय," आणि दुकानात गेले.

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग उठली, दुर्बीण खाटेखाली अजून आत सरकवली, तिच्यावर जुनं लुगडं टाकलं.

"तू काही बोलणार नाहीस," ती म्हणाली.

"त्यांची काय चूक, आई?"

"काही चूक नाही. पण ते आज ना उद्या जाणारच होते, त्यांच्या माणसांत. आपण कुठे जाणार? तुझी नोकरी गेली तर मी कुठल्या तोंडाने कुणाकडे जाऊ? शपथ घे माझी."

मी शपथ घेतली. आईच्या माथ्यावर खापर फोडायला हे लिहीत नाही. शपथ घेताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे.

एका संध्याकाळी दुकानाच्या मागच्या फळीवर मोठा दगड बसला आणि डाळीच्या बरण्या फुटल्या. त्यानंतर शेठ घाटकोपरला मेव्हण्याकडे जायचं ठरवत असल्याचं कळलं. मी अंधार पडल्यावर काड्यापेटी घ्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने गेलो. दुकान अर्धं रिकामं झालं होतं. त्यांची बायको आत पोती शिवत होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिला ठाऊक होतं.

"शेठ," मी म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना. उद्या सांगतो."

ते फुटक्या बरणीचे तुकडे गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "उद्या?"

मी खाली वाकून एक तुकडा उचलला.

"त्या दिवशी चौकात मी थांबलो होतो. तुला दिसलं ने, मी थांबलो होतो? मी तुझी वाट बघत होतो."

"मला भीती वाटली."

"मला पण वाटत होती, भाई." त्यांनी काड्यापेटी माझ्या हातात दिली. "आता नको सांगू. आता चार आया तुझ्यावर येतील आणि मी तरी इथे राहणार नाय. तेव्हा सांगितलं असतं तर मी राहिलो असतो."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी मला माफ केलं असं कुणी म्हणू नये. त्यांनी हिशेब केला होता, आणि त्यात माझी बाजू कमी भरली होती.

दोन दिवसांनी हातगाडीवर सामान लादून ते गेले. चाळ गॅलऱ्यांत उभी होती. एका मुलाने शीळ घातली तेवढीच. मी आत होतो, खिडकीच्या फटीशी.

मुलं नंतर सुटली. त्यांना हार घातले, पेढे वाटले. त्यांनीही पुढे भाषणांत शेठचा उल्लेख "आमच्यातला खबऱ्या" असा केला, त्यांना तेच ठाऊक होतं. माझी नोकरी कायम झाली, लग्न झालं, मुंबई महाराष्ट्राला मिळाली, त्या रात्री आमच्या चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. गिरण्या केव्हाच पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि आकाश राखाडी झालं होतं. मी दुर्बीण पुन्हा काढली नाही. पुढे एका शाळेला दिली. घाटकोपरला मी कधी गेलो नाही. जायला काहीच अडचण नव्हती.

शेठ जिवंत असताना मला वाटे, त्यांची भेट झाली तर? ते वारले असतील अशा वयाला आल्यावर वाटे, आता कुणाला सांगायचं? भीतीला प्रत्येक वर्षी नवं कारण सापडत होतं.

चाळ पाडून तिथे टॉवर होणार म्हणून जुन्या भाडेकरूंचा मेळावा भरला. मी ऐंशी पार केली होती. एका चाळिशीच्या गृहस्थाने माइकवरून चाळीचा इतिहास सांगितला. आंदोलन, गोळीबार, चार वीर आणि खबऱ्या वाणी. "कर्फ्यूत पतंग उडवत होता म्हणे!" लोक हसले. टाळ्या पडल्या. माझे हात टाळ्या वाजवत होते. खाली बघितलं तेव्हा मला ते दिसले.

घरी आल्यावर मी हे लिहायला घेतलं. त्याआधी एक फोन केला. चार मुलांपैकी एकच आता आहे, कल्याणला मुलाकडे असतो. ज्याची आई पट्ट्याला लोंबकळली होती तोच. मी त्याला सगळं सांगितलं, दुर्बीण, लाल कागद, टाकी, तुक्कल.  पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"म्हणजे शेठनी आमचं नाव नव्हतं दिलं," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"त्यांच्या दुकानावर तो मोठा दगड मारला तो मी नव्हतो, मी आत होतो. पण सुटून आल्यावर माझा धाकटा भाऊ मला अभिमानाने सांगत होता. मी त्याची पाठ थोपटली." मग त्याने विचारलं, "तू तेव्हाच का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"पोलिसांची?"

"पोलिसांची नाही. तुझ्या आईची."

पलीकडून फोन बंद झाला. त्याने फोन ठेवला की लाइन तुटली ते मला कळलं नाही. मी हातात फोन धरून बसलो होतो. पुन्हा लावायला हवा होता. अजून लावलेला नाही.